काळ्या गाडीवरचं जाळं: पहिल्यांदा पॉलिशिंग मशीन हातात घेताना

(एपिसोडचं लेखी रूप. मधले 'अं', 'म्हणजे' आणि शेजारच्या कुत्र्याचं भुंकणं काढलंय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आज मोबाईल नाही, ॲप नाही, कोडिंग तर अजिबात नाही. आज गाडीचा रंग. तोही काळा.

रात्री वसमत रोडनं घरी येताना पेट्रोल पंपावर थांबा. वर पांढरेशुभ्र एलईडी. आता काळ्या गाडीच्या बॉनेटकडं बघा. दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक बारीक गोल रेषा दिसतील, कोळ्यानं जाळं विणल्यासारख्या. यांनाच स्वर्ल मार्क म्हणतात. दिवसा सावलीत गाडी आरशासारखी दिसते आणि रात्री पंपावर तिचं खरं रूप कळतं. मला तसंच कळलं. गाडी पप्पांची, सेकंडहँड घेतलेली, आणि पप्पा रोज सकाळी उठून तिला प्रेमानं कोरडा फडका मारायचे. रोज. सहा वर्षं. आता तुम्हाला गुन्हेगार कळला असेल, पण घरात हे बोलायचं कसं ते मला अजून जमलेलं नाही.

आधी एक गैरसमज काढू. त्या रेषा गोल नसतात. फडका, ब्रश, डस्टर जसा फिरेल तसे चरे पडतात. आडवे, उभे, तिरके, सगळीकडं. पण दिवा एका जागी असतो, आणि ज्या चऱ्यांची दिशा दिव्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालणारी आहे तेवढेच उजेड आपल्या डोळ्यांकडं परतवतात. बाकीचे गप्प बसतात. म्हणून डोळ्याला वर्तुळं दिसतात. खात्री करायची असेल तर मोबाईलचा टॉर्च लावा आणि बॉनेटवरून हळूहळू सरकवा. जाळंही टॉर्चबरोबर सरकेल. घासून घासून जुन्या झालेल्या स्टीलच्या ताटावरही हेच दिसतं, जेवताना बघा एकदा.

पांढऱ्या गाडीवर हे चरे नसतात का? असतात, तेवढेच. पण पांढरा रंग स्वतःच इतका उजेड परत फेकतो की त्यात ते हरवून जातात. काळा रंग उजेड गिळतो, त्यामुळं त्यावर चमकणारी प्रत्येक रेघ वेगळी उठून दिसते.

आता चरे आहेत कुठं? गाडीच्या पत्र्यावर रंगाचे थर असतात. सगळ्यात खाली गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअरकोट. कंपनीतून आलेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यात क्लिअरकोट ४०-५० मायक्रॉनच्या आसपास. आपल्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे गाडीला उन्हापासून वाचवणारं कवच केसाहूनही पातळ आहे. स्वर्ल मार्क या क्लिअरकोटच्या अगदी वरच्या भागात असतात. काळा रंग त्याखाली शाबूत असतो.

पॉलिश करणं म्हणजे काय, तर चऱ्याच्या तळापर्यंत आजूबाजूचा क्लिअरकोट घासून सपाट करणं. चरा भरला जात नाही, त्याच्या भोवतीचा पृष्ठभाग खाली आणला जातो. हे डोक्यात पक्कं बसवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. प्रत्येक वेळी थोडा क्लिअरकोट कायमचा जातो. हलक्या पॉलिशनं एखादा मायक्रॉन, कधी त्याहून कमी, जाड कंपाउंडनं त्याच्या काही पट. परत येत नाही. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना कंट्रोल झेडची सवय असते, इथं ते बटण नाही. आणि आपलं परभणीचं ऊन तुम्हाला माहीत आहे. क्लिअरकोट पातळ झालेलं छत मे महिन्यात उघड्यावर ठेवलं की काही वर्षांत त्यावर पांढरे चट्टे येतात, मग पापुद्रे सुटतात. त्यानंतर पॉलिश कामाचं नाही, सरळ रंगकामच.

म्हणून 'दर महिन्याला रबिंग करून घ्या, गाडी नवीसारखी राहते' असं कुणी म्हणालं तर गोड हसायचं आणि गाडी घरी आणायची.

चरे पडतात कशानं, तर धुळीनं. आपल्याकडची माती काळी, चिकण, ओली असताना चिखल आणि वाळली की बारीक पीठ. त्यात रस्त्याची वाळू, खडीचा चुरा. क्वार्ट्झच्या कणापुढं क्लिअरकोट म्हणजे लोणीच. पांदण रस्त्यानं शेतात जाऊन आलात आणि कोरड्या फडक्यानं गाडी पुसलीत, तर तुम्ही अतिशय बारीक पॉलिश पेपर मारताय. वॉशिंग सेंटरवर ज्या ब्रशनं आधी ट्रॅक्टरचं चाक घासलं त्याच ब्रशनं तुमचं बॉनेट घासलं जातं, तेही तेच.

तर पहिली पायरी, धुणं. मशीनपेक्षा यावर जास्त बोलणार आहे, कंटाळू नका. धुताना नवे चरे पाडले तर पॉलिश करून उपयोग काय?

आधी फक्त पाणी. हात लावायचा नाही. चिखल वाळला असेल तर भिजू द्या, दहा मिनिटं लागली तरी चालेल, खरवडू नका. घरी प्रेशर वॉशर नसेल तर आपल्याकडं एक भारी वस्तू आहे: फवारणीचा पंप. सोळा लिटरचा, बॅटरीवाला. शाम्पूचं पाणी भरा, गाडीवर मारा, धूळ सुटून खाली येते आणि पाणीही कमी लागतं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्यांनी हे नक्की करून बघावं. फक्त पंप नवा घ्या. ज्यातून तणनाशक किंवा कीटकनाशक मारलंय तो गाडीला नको, आणि गाडीचा नंतर कापसावर नको.

मग दोन बादल्या. एकीत कार शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळखळून धूळ सोडायची आणि पुन्हा शाम्पूत. वरून खाली यायचं, छत आधी, दारांचा खालचा भाग आणि बंपर शेवटी, कारण सगळ्यात जास्त वाळू तिथं असते. हात सरळ रेषेत फिरवायचा. कपड्यांची पावडर, भांड्यांचा साबण नको. पुसायला मोठा मऊ मायक्रोफायबर टॉवेल, आणि घासायचं नाही, अंथरून ओढून घ्यायचा.

बोअरच्या पाण्याचं एक. आपल्या बहुतेक बोअरचं पाणी जड, क्षारांचं. उन्हात गाडी धुतली की पाणी उडतं आणि पांढरे गोल डाग मागं राहतात. ते वेळेत काढले नाहीत तर क्लिअरकोटमध्ये खड्डे पाडतात. म्हणून सावलीत धुवा आणि लगेच पुसा. ताजे डाग असतील तर पांढरं व्हिनेगर पाण्यात निम्मं पातळ करून कापडानं लावा, मिनिटभरानं धुऊन टाका.

धुतल्यानंतर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि बोटं रंगावर हळूच फिरवा. पिशवीमुळं स्पर्श जास्त जाणवतो. खरखर लागली तर रंगात काहीतरी रुतलंय: ब्रेकच्या लोखंडाचे कण, डांबर, झाडाचा चीक. परभणी किंवा पूर्णा स्टेशनबाहेर रोज गाडी लावून नांदेडला अपडाऊन करणाऱ्यांना ही खरखर हमखास लागेल, रेल्वेच्या चाकांमधून आणि रुळांवरून लोखंडाची बारीक धूळ उडत असते. त्यासाठी आयर्न रिमूव्हर नावाचा स्प्रे मिळतो, लोखंड सापडलं की तो जांभळा होतो. दृश्य भारी, वास घाण. उरलेलं काढायला क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखी चिकणमाती. भरपूर शाम्पूचं पाणी मारून ती हलक्या हातानं फिरवायची. घाण दिसली की घडी घालून नवी बाजू वर घ्यायची. खाली पडली तर सरळ फेकून द्यायची. तिला चिकटलेले खडे तुमच्या बॉनेटवर आणू नका, पैसे गेले तरी चालतील.

आता मशीन. मशीनचे दोन प्रकार. रोटरी, जी एकाच अक्षावर गोल फिरते. आणि ड्युअल ॲक्शन, डीए म्हणतात, जिचा पॅड फिरतोही आणि डगमगतोही. रोटरी जोरात कापते, एका जागी उष्णता साठवते, चुकीला माफी देत नाही. डीएवर जास्त दाब दिला की पॅड फिरायचाच थांबतो, म्हणजे मशीनच तुम्हाला अडवते. नवशिक्यानं डीएच घ्यावी. ग्राइंडरला स्पंज लावून पॉलिश करणारे लोक मी आपल्या गावात पाहिलेत. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे मारतो. तो लोखंड कापायला बनवलाय.

हे मी छाती पुढं काढून सांगतोय, पण डीए घेण्याआधी मीच एका मित्राची रोटरी उसनी आणली होती. एप्रिल महिना, दुपार, लिंबाखाली गाडी. बॉनेटवर जी उंच कड असते ना, मधून हेडलाइटकडं जाणारी, तिच्यावर मशीन दोन सेकंद जास्त थांबली. पॅडवरचा पांढरा फेस अचानक काळा झाला. मी मशीन बंद केली. पप्पा मागं उभे.

"काय करायलास रे? रंग काढायलास का गाडीचा?"

"नाही पप्पा, पॉलिश."

"मग स्पंज काळा कशानं झाला?"

उत्तर मला माहीत होतं, दिलं नाही. बोटभर लांबीचा तो डाग आजही आहे, उन्हात मंद दिसतो. कडांवर रंग मुळात पातळ बसतो, आणि पॅडचा सगळा दाब त्याच अरुंद रेषेवर येतो. म्हणून आता मी प्रत्येक कडेवर, दाराच्या काठांवर, रबर आणि काळ्या प्लास्टिकवर आधी मास्किंग टेप लावतो. पेंटर लोक वापरतात तीच, हार्डवेअरच्या दुकानात मिळते.

काळ्या फेसाबद्दल एक खुलासा. क्लिअरकोट असलेल्या गाडीवर पॅडवर रंग येता कामा नये. आला तर लगेच थांबा, तुम्ही खालपर्यंत पोचलात. पण काही गाड्यांच्या साध्या काळ्या रंगावर क्लिअरकोट नसतोच, रंग आणि चमक एकाच थरात असते. तिथं रंग येणारच. कोणती तुमची? डिकीच्या आतल्या काठावर, जिथं कुणाचं लक्ष जात नाही, पांढऱ्या कपड्यावर थेंबभर पॉलिश घेऊन हातानं घासून बघा. कापड काळं झालं तर एकथरी रंग.

सेकंडहँड गाडी असेल तर अजून एक. एखादं पॅनल आधी रंगवलेलं असू शकतं. रंगाची जाडी मोजणारं छोटं यंत्र असतं, डिटेलिंगवाल्यांकडं असतं, विनंती केली तर लावून दाखवतात. २०० मायक्रॉनच्या वर आकडा गेला तर बहुधा दुसऱ्यांदा रंग आहे. हजाराच्या घरात गेला तर खाली पुट्टी आहे, आणि गाडी विकणाऱ्यानं 'कुठंच लागलेली नाही' असं सांगितलं होतं ते आठवा. आकडा मोठा म्हणजे क्लिअरकोट जाड असं मात्र समजू नका, यंत्र सगळ्या थरांची बेरीज सांगतं.

प्रत्यक्ष काम. वेळ नोव्हेंबर ते जानेवारीची सकाळ, जागा सावलीची, पत्रा हाताला गार. तापलेल्या पत्र्यावर पॉलिश लगेच वाळतं आणि पिठासारखं उडतं. एप्रिलच्या दुपारी मी जे केलं ते करू नका. लाइटचं वेळापत्रकही बघून घ्या. मशीन सातशे-आठशे वॉट खाते, घरचा इन्व्हर्टर बहुतेक वेळा तिला झेपत नाही.

आधी बॉनेटवर टेपनं दीड फुटाचा चौकोन आखा. सगळे प्रयोग तिथंच. सगळ्यात मऊ पॅड आणि सगळ्यात बारीक पॉलिश आधी. पुरलं तर तेच पूर्ण गाडीला. नाही पुरलं तर पॉलिश तेच ठेवून मधला पॅड. तरी नाही, तर मधलं पॉलिश. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशानं पडला ते कळणार नाही. (ऑफिसात हे मला कुणी ऐकवलं की राग येतो, पण बरोबर आहे.) यूट्यूबवर बघून थेट कंपाउंड आणि लोकरीचा पॅड घेणाऱ्यांना एवढंच सांगतो: काळा रंग त्या पॅडचे स्वतःचे चरे दाखवतो, मग ते काढायला अजून एक फेरी, अजून क्लिअरकोट.

नव्या पॅडवर वाटाण्याएवढे चार-पाच थेंब, नंतरच्या चौकोनांना तीन. मशीन बंद असतानाच पॅड रंगावर टेकवा आणि पॉलिश पसरवा, मग एक नंबरवर चालू करा, नाहीतर थेंब तुमच्या शर्टवर आणि भिंतीवर. पसरलं की वेग चार-पाचवर. मशीन सेकंदाला साधारण एक इंच सरकवायची. इतकं हळू की शेजारी विचारतील बरा आहेस का. आधी आडव्या रांगा, प्रत्येक रांग आधीच्या निम्म्या भागावरून, मग उभ्या. असे तीन-चार फेरे. दाब मशीनच्या वजनापेक्षा थोडाच जास्त. मशीनच्या चकतीच्या काठावर मार्करनं एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर काम होतंय, नुसती थरथरत असेल तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरका धरलाय.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशनं साफ करा. घासलेला क्लिअरकोट आणि वाळलेलं पॉलिश त्यात अडकतं. पॅड दोन-तीन तरी हवेत, एक गरम झाला की दुसरा.

मग सगळ्यात महत्त्वाची तपासणी. पॉलिशमध्ये तेलं असतात, ती चऱ्यांत भरून बसतात आणि तुम्हाला वाटतं, वा, जमलं! म्हणून आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात १५ टक्क्यांच्या आसपास पातळ करून स्प्रे करा आणि स्वच्छ मायक्रोफायबरनं पुसा. आता टॉर्च. जे दिसतं ते खरं. काही ठिकाणी हजार-पाचशेत 'स्क्रॅच रिमूव्हल' करून मिळतं ते पुष्कळदा हेच असतं, भरलेलं तेल. चार धुण्यांत जाळं परत. फोटो काढताना फोनचा एक्सपोजर लॉक करा, नाहीतर कॅमेरा आपणहून उजेड बदलतो आणि आधी-नंतरची तुलना खोटी ठरते.

सगळे चरे जाणार नाहीत. नख फिरवा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशचा विषय नाही, सोडून द्या. नख अडकत नाही पण टॉर्चमध्ये दिसतो असेही काही राहतात, त्यांच्यामागं लागू नका. एका चऱ्यासाठी आजूबाजूचा सगळा क्लिअरकोट उतरवणं शहाणपणाचं नाही. माझी गाडी पंपावर आज ऐंशी टक्के साफ दिसते, उरलेले वीस मी मुद्दाम ठेवलेत.

सेलूच्या एका श्रोत्यानं व्हॉइस नोट पाठवली होती: "दादा, मशीन नाही, हातानं होईल का? आणि पॉलिश कोणतं घेऊ?" हातानं एखाद्या दाराच्या हँडलमागचे नखांचे ओरखडे निघतात, स्पंजचा छोटा ॲप्लिकेटर घ्या. आख्खं बॉनेट हातानं करायला गेलात तर खांदा जाईल आणि काम एकसारखं येणार नाही. कंपनीचं म्हणाल तर मेंझेर्ना, सोनॅक्स, कोख-केमी ही पॉलिशमधली नावाजलेली नावं, आणि तिन्ही जर्मन. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते इथं अक्षरशः खरं झालं, गाडीच्या बॉनेटवर दोघं भेटले. पण खरं सांगू, पहिल्या वेळी ब्रँडपेक्षा पॅड आणि हाताचा वेग जास्त फरक पाडतात. कुठलंही नावाजलेलं फिनिशिंग पॉलिश चालेल.

दुसरा प्रश्न सिरॅमिक कोटिंगचा. कोटिंगनं पाणी ओघळतं, धूळ लवकर सुटते, धुणं सोपं होतं. पण कोरड्या फडक्यापासून ते वाचवत नाही. आणि जाळं न काढता कोटिंग केलं तर ते काचेखाली फ्रेम करून ठेवल्यासारखं होतं. सध्या मी साधं सीलंट लावतो, चार-सहा महिन्यांनी परत. बॉनेट, छत, डिकी आणि दारं धरून माझे दोन शनिवार-रविवार गेले. एका दिवसात उरकायची घाई केली तर चूक शेवटच्या पॅनलवर होते, तेव्हा हात थकलेला असतो.

राहिला पप्पांचा फडका. तो मी लपवला, त्यांनी दुसरा शोधला. मग एक दिवस त्यांना रात्री पंपावर नेलं, डाव्या बाजूचं पॉलिश झालेलं दार दाखवलं, मग उजव्या बाजूचं न झालेलं. ते दोन्हीकडं वाकून बघत राहिले. पंपावरचा पोरगाही येऊन बघायला लागला. घरी येताना म्हणाले, "मग सकाळी धूळ दिसली तर काय करायचं?"

मी म्हणालो, "काहीच नाही करायचं, पप्पा. धूळ नुसती बसली तर चरा पडत नाही. रविवारी धुऊ."

आता रोज सकाळी ते गाडीभोवती एक चक्कर मारतात, हात मागं बांधून. फडका आतल्या डॅशबोर्डवर फिरतो. तिथं चरे पडतात का, ते मी अजून बघितलेलं नाही.